चांदणीनं पुसलेले सात काठ

१

आण्णाप्पाला आईचा आवाज आठवायचा तो जात्याच्या घरघरीत गुंडाळलेलाच. बेळगुंदीच्या घरात, उजाडायच्या आधी, जोंधळ्याच्या पिठाचा वास अंगावर घेऊन तो आवाज वाकळेत शिरायचा.

"कल्लाप्पा माझा भाऊ, बेळगुंदीच्या वाटंला
तानीच्या ल्योकाला, टोपी घेतो गं हाटाला"

गाण्यातली तानी म्हणजे आई स्वतःच. भाऊ यायचे, बहिणी यायच्या, शेजारची व्यालेली म्हैससुद्धा यायची. मग एका ओळीशी आईचा गळा थांबायचा. जातं मात्र थांबायचं नाही. ओळभर नुसता दगड फिरायचा आणि पुढच्या ओळीला आई पुन्हा गाऊ लागायची.

बेळगावात, कोर्टाच्या दप्तरखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी, धुक्यानं लांबलेल्या सकाळी तो आवाज पुन्हा आला होता. आण्णाप्पा अर्धवट झोपेत त्याच्या मागं मागं चालला होता, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात मष्णू उभा होता. शहापूरच्या भीमाप्पा विणकराचा थोरला, सव्वीस वर्षांचा, संगणक केंद्रात बोटं चालवायच्या कामावर असलेला. धुक्यातून सायकल मारत आल्यानं त्याच्या भुवयांवर पाणी साठलं होतं.

"आण्णा, सात काठ गेलं."

"कुठं गेलं?"

"कुटंच न्हाय. शनिवारपातूर हुतं, आन आज केंद्र उघडून बघितलं तर न्हायत."

आण्णाप्पानं त्याला आत घेतलं आणि चूल पेटवली. गेलं वर्षभर उद्यमबागेच्या रस्त्यालगतच्या त्या केंद्रात वडगाव-शहापूरच्या साड्यांचे जुने काठ यंत्रात साठवायचं काम चाललं होतं. विणकर चौकटीच्या कागदावरची नक्षी आणून द्यायचा. जिथं ताण्याचा उभा दोरा वर, तिथं फुली. जिथं खाली, तिथं टिंब. अशा ओळीमागून ओळी यंत्रात टाकायच्या. एका विणकराचा काठ एका फाईलमध्ये, आणि फाईलला नाव त्या विणकराचंच. असे एक्केचाळीस काठ झाले होते. विणकरांच्या समितीवर आण्णाप्पा होता, कारण अर्ज लिहायला दुसरं कोणी मिळत नव्हतं.

"कुणाकुणाचं गेलं?"

मष्णूनं बोटांवर मोजलं. "बाळाप्पा, बायाक्का, बसाप्पा, भरमा, भैरू, बाबू, आन वडगावचा बसवंत."

"आन तुझ्या बाऽचा?"

मष्णू चुलीतल्या जाळाकडं बघत राहिला. "तेवढा ऱ्हायलाय," तो म्हणाला. "म्हणूनच सर म्हणत्यात, मीच पुसलं."

२

केंद्राचे प्रमुख तम्मण्णा सर धारवाडकडचे. कानडी वळणाचं मराठी ते जपून, एकेक शब्द खाली ठेवत बोलायचे. त्यांच्या खोलीत यंत्राचा एक संथ घुमारा सतत भरलेला असायचा. दुपारी तिथं बसलं की डोळे आपोआप मिटायला लागत.

"मी सोमवारी धारवाडला होतो," ते म्हणाले. "इथं तिघं आले. मष्णू, जयवंताबाई आणि तो रवळू दलाल. मंगळवारी सकाळी सात फायली नाहीत. नक्कल ठेवायचं टेपयंत्र दिवाळीपासून दुरुस्तीला गेलंय. म्हणजे गेलं ते गेलं."

"पुसलं कसं असंल?"

सरांनी काळ्या पडद्याकडं खुर्ची वळवली. हिरवी अक्षरं ओल्या गवतावर काजवे बसावेत तशी उमटली.

"यंत्राच्या दाराशी एक भालदार असतो. शेल म्हणतात त्याला. तुम्ही हुकूम द्यायचा, त्यानं वाचायचा आणि आत पोचवायचा. पूर्ण नाव लिहिलं तर तो तेवढ्याच नावाला हाक मारतो. पण नावाऐवजी ही लिहिली—" त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावर एक बारीक चांदणी उगवली. "ही चांदणी म्हणजे, इथं काहीही असो. बी लिहून पुढं चांदणी दिली, तर बीनं सुरू होणारी सगळी नावं तो भालदार गोळा करतो आणि आतल्याच्या हातात यादी देतो. आतल्याला चांदणी दिसतच नाही. त्याला यादी दिसते."

"आन चांदणीच्या आधी लिवलंय ते आर एम म्हंजे?"

"पुसून टाक. आतला विचारत नाही, खात्री आहे का म्हणून. पुसून झाल्यावर सांगतही नाही. गप्प असतो."

आण्णाप्पा त्या चांदणीकडं बघत राहिला. "मग भीमाप्पा बीनंच सुरू होतोय की. तो कसा वाचला?"

सरांनी यादी दाखवली. सगळी नावं बारीक अक्षरांत होती. मधेच एकच नाव मोठ्या अक्षरानं सुरू झालेलं, रांगेत फेटा बांधून उभं राहिल्यासारखं: Bhimappa.

"सगळी नावं बारीक अक्षरात लिहायची, हा माझा नियम. कारण या भालदाराला बारीक b वेगळा आणि मोठा B वेगळा. आपण म्हणतो एकच अक्षर. तो म्हणतो, दोन माणसं. बारीक बीला हाक मारली तर मोठा बी जागचा हलत नाही. मष्णूनं एकट्या बापाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. कशाला? आता कळलं कशाला. बाळाप्पा आणि भीमाप्पा, दोघांचा कोयरीच्या काठावरून जुना वाद आहे. माहीत आहे ना तुम्हाला?"

आण्णाप्पाला माहीत होता. कोयरीला शेपूट पहिल्यांदा कुणी काढलं, यावर ती दोन घरं वीस वर्षं बोलत नव्हती.

"गुरुवारी दुपारी समिती बसेल," सर म्हणाले. "मष्णूनं जाणूनबुजून पुसलं, असं पत्र मी तयार केलंय. मग त्याला कुठल्याच यंत्रापाशी कुणी बसवणार नाही. तुम्ही कोर्टातले. दोन दिवसांत दुसरं काही सापडलं तर मी पत्र फाडतो. मला आनंद नाही त्यात."

दारात आल्यावर आण्णाप्पा वळला. "सर, जाणून पुसणारा मानूस भीमाप्पाचा काठ वाचवंल. पन न जानता पुसलं, तरी बी तो वाचंलच न्हवं?"

पडद्यावरची चांदणी अजून तशीच लुकलुकत होती.

३

मष्णू बाहेर कट्ट्यावर बसला होता. सकाळपासून वडगावातून जाताना लोक त्याच्याकडं बघून बोलायचे थांबत होते. मघाशी भीमाप्पाच्या दारात भरमाचा भाऊ येऊन, चहाला हात न लावता परत गेला होता.

"मोठं अक्षर का घातलंस?" आण्णाप्पानं विचारलं.

"बाऽचं नाव बारीक अक्षरानं कसं लिवू, आण्णा?"

"नियम म्हाईत हुता?"

"व्हय. म्हणून एकदाच मोडला."

"सोमवारी काय केलंस?"

"दुपारी एकला आलो. सोनुबाईचा पदर टाकत बसलो, चारशे वळी. यादी बघितलीच न्हाय. आज सकाळी बघितली, तर खड्डा." तो जरा थांबला. "मी जाणारच असंन तर जाईन. पन आज बा दारात बसाय आलाच न्हाय."

रवळू दलाल बाजारात, चहाच्या टपरीवर सापडला. इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा बोळा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आधीच माहीत असल्याचा चेहरा. लांबच्या यंत्रमागवाल्यांना जुने काठ पुरवायची त्याला भारी हौस.

"या शिरस्तेदार. मला बेड्या घालायला आला व्हय?"

"सोमवारी केंद्रात काय करत हुतास?"

"जयवंताबाईंस्नी मस्का लावत हुतो. एक काठ छापून द्या म्हटलं. बाई ढिम्म. मान सुदिक वर केली न्हाय. टकटक, टकटक. मग गेलो."

"किती वाजता?"

"बारा. आन आण्णा, डोकं चालवा की जरा. मला चोरायचं असतं तर मी नक्कल केली असती. हितनं पुसून मी तिकडं काय इकू, टिंबं?"

आण्णाप्पाला ते पटलं. चोर माल घेऊन जातो. इथं मालच नाहीसा झाला होता.

जयवंता केंद्रात आतल्या टेबलाशी होती. वडगावच्या बसवंत विणकराची ती बायको. दहावी शिकलेली, टाइपिंगच्या दोन परीक्षा झालेली, तिशीला टेकलेली. लग्नानंतर बारा वर्षं सुताच्या कांड्या भरलेली बोटं आता कळांवरून तशीच हलकी फिरायची. बोलताना ती समोरच्याकडं न बघता हाताकडं बघायची.

"सोमवारी बारापातूर हुते मी. न्हाय, एकपातूर. मष्णू आला आन मी गेले."

"तुमचा बी काठ गेला की."

"व्हय."

"बसवंत काय म्हणाला?"

"घरात अजून सांगिटलं न्हाय." तिनं कळांवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. "गेल्या पावसाळ्यात दोन म्हैने दवाखान्यात हुतं. आत्ता कुटं मागावर बसाय लागल्यात. त्यांच्या जिवाला नको म्हटलं."

आण्णाप्पा उठला. कोर्टात त्यानं हजारो माणसं बघितली होती. खोटं बोलणारं माणूस बहुधा जास्त बोलायचं. ही बाई कमी बोलली होती. पण तिनं मष्णूचं नाव घेतलं तेव्हा तिचा हात कळांवरून मांडीवर गेला होता आणि परत वर आला नव्हता.

४

दप्तरखान्यात आण्णाप्पाची एक ख्याती होती. खालची सही झाकून कागद दिला, तर लिहिणारा कोण ते तो सांगायचा. कुणाचा काना कलता, कुणाची वेलांटी दारातल्या तोरणासारखी. हात लपत नाही, असं तो म्हणायचा. इथं मात्र यंत्रातली सगळी अक्षरं एका साच्याची. हात कुठं शोधायचा?

"सर," बुधवारी सकाळी त्यानं विचारलं, "ही अक्षरं पडद्यावर येत्यात आन जात्यात. कागदावर काय ऱ्हात न्हाय?"

"ते कोपऱ्यातलं एक यंत्र कागदावर ठोकतं. प्रत्येक हुकूम त्यावर उमटतो. पण त्याची फीत शनिवारी वाळली. सोमवारी सगळे पडद्यावरच होते."

"शनिवारच्या आधीचं?"

जुनी भेंडोळी कपाटात पडून होती. मागावर कापड गुंडाळावं तशी गोल गुंडाळलेली, सहा महिन्यांची. आण्णाप्पा सतरंजीवर बसला आणि ती उलगडत गेला. खिडकीतून आलेलं कोवळं ऊन कागदावरून हळूहळू सरकत होतं. बाहेर कुठंतरी एक माग चालू होता, खटक-खट, खटक-खट. त्या नादात अक्षरं डोळ्यांपुढून वाहू लागली, आणि थोड्या वेळानं त्याला वाटलं, आपण वाचत नाही, ऐकतोय.

सगळे एकाच परवलीनं आत शिरायचे, त्यामुळं माणसाचं नाव कुठंच नव्हतं. पण दुपार कलेपर्यंत त्याला तीन हात दिसू लागले.

पहिला हात सगळीकडं चांदण्या उधळायचा. नाव पूर्ण लिहायचा कंटाळा. दोन अक्षरं आणि चांदणी, एक अक्षर आणि चांदणी. हे तम्मण्णा सर. दुसरा हात चांदणी कधीच वापरायचा नाही. कितीही लांब नाव असो, शेवटच्या अक्षरापर्यंत लिहायचा, शाळेतल्या मुलानं पाढा लिहावा तसा. हा मष्णू.

आणि तिसरा हात. तो काठ कागदावर काढायला सांगायचा: kallappa, पूर्ण. sonubai, पूर्ण. kondabai, पूर्ण. मग b*. पुन्हा kallappa, पूर्ण. काठ उघडून दुरुस्त करताना: b*. ओळी मोजताना: b*. सहा महिन्यांत, वडगावच्या फायलींच्या वेगळ्या कप्प्यात, एकशेअकरा वेळा. एकदाही ते एक नाव त्या हातानं लिहिलं नव्हतं. बाकी एकाही नावाला चांदणी लावली नव्हती.

आण्णाप्पानं चष्मा काढला. कानात दगड फिरू लागला होता. भाऊ आले, बहिणी आल्या, म्हैस आली, आणि मग ओळभर नुसतं जातं.

"सर," त्यानं हळूच विचारलं, "वडगावच्या कप्प्यात बीची नावं किती हुती?"

"एकच. बसवंत. पण आता कप्पे नाहीत. शनिवारी जाताना मीच शहापूर, वडगाव, सगळ्यांच्या फायली एका जागी आणल्या. सोपं जावं म्हणून."

"कुणाला सांगिटलंत?"

सर सावकाश म्हणाले, "मष्णूला. तो एकटाच होता तेव्हा."

५

तरी एक गाठ सुटत नव्हती. आपल्याच घरचा काठ कोण कशाला पुसेल?

यादी त्यानं पुन्हा मागून घेतली. प्रत्येक फाईलपुढं ती बनल्याची वेळ होती. सोमवारी दुपारी बारा चाळीसला बनलेली एक होती, navin नावाची. नवीन. विणकराचं नाव नसलेली ती एकटीच. आण्णाप्पानं ती कागदावर काढून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि वडगावला गेला.

गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालले होते. दोऱ्याला लावलेल्या खळीचा वास, उन्हात ताणलेले ताणे, हळदी आणि जांभळे. चालताना वाटे, गल्लीच कुणीतरी सावकाश विणत चाललंय आणि आपण तिच्यातला एक आडवा दोरा आहोत.

बसवंत खड्ड्याच्या मागावर, कमरेपर्यंत जमिनीत. हडकला होता, पण डोळे हसरे.

"या आण्णा. मी उठत न्हाय, उठलो की दोरं रुसत्यात."

आण्णाप्पानं कागद त्याच्या पुढं धरला. बसवंतानं फुल्या-टिंबांवरून नखानं वाट काढत नेली, जशी पाहुण्याला ओळखीच्या रस्त्यानं नेतात.

"ह्यो माझाच काठ की. आन सुधारून घातलाय. मी कागद दिलता त्यात दोन दोरं कमी पडलं हुतं, पार खालपातूर. आजारात काढल्याला कागद त्यो. गेल्या आयतवारी हिला म्हटलं, त्यो पुसून टाक, नवा घाल. घातला वाटतं." तो खूश झाला. "कुटं हाय गं? ऐकलंस का, आण्णा आल्यात."

जयवंता आतून चहा घेऊन आली. कागद दिसला तशी उंबऱ्याशीच थांबली.

"साखर कमी हाय का बघा," ती म्हणाली. "ह्यांना चालत न्हाय, म्हणून सगळ्यांचाच तसा होतोय."

"बघा आण्णा," बसवंत म्हणाला, "बारा वर्सं झाली, मी अजून 'ह्यांना'च. दवाखान्यात डाक्टरीणबाई इचारत्यात, पेशंटचं नाव काय? तर ही माझ्याकडं बोट दावती. बाई म्हणत्यात, ते दिसतंय मला, नाव सांगा. शेवटी हिनं शेजारच्या खाटंवरच्या म्हाताऱ्याला सांगाय लावलं."

"उगा काय बी," जयवंता म्हणाली.

"उगा कशाला? लग्नात एकदाच घेतलं नाव, ते बी तिघींनी चिमटं काढलं तवा. आमच्या आजीनं डोस्क्यात घातलंय हिच्या. नाव घेतलं की नवऱ्याचं तेवढं दीस कमी हुत्यात म्हणं." तो खोकला, आणि खोकता खोकताच हसला. "यंत्रावर बसती, इंग्रजीत ठोकती, आन ह्ये असं."

जयवंता हसली नाही. तिची नजर त्याच्या वरखाली होणाऱ्या छातीवर होती. आण्णाप्पानं चहा संपवला. गाठ सुटली होती, आणि सुटल्याचं त्याला बरं वाटत नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी केंद्र उघडलं तेव्हा दोघंच होते. धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं. आण्णाप्पानं जयवंताच्या टेबलाशी स्टूल ओढलं.

"बाई, मी सांगतो. चुकलं तर थांबवा."

ती हाताकडं बघत राहिली.

"नवा काठ टाकून झाला. दोन दोरं सगळीकडं घालायचं, म्हणून पयल्यापास्नं नव्यानं टाकला. त्याला नाव दिलं नवीन, कारण खरं नाव लिवायचं न्हवतं. मग जुना पुसायचा. हुकूम दोन शब्दांचा. पयला, पुसून टाक. दुसरा…" तो थांबला. "एरवी बी तुम्ही ते नाव लिवत न्हाय. भेंडोळ्यात एकशेअकरा जागी चांदणी हाय. पन त्या दिवशी तर 'पुसून टाक' म्हणायचं आन पुढं ते नाव. दोन म्हैने दवाखान्याच्या पायरीवर काढल्याली बाई ते कसं लिवंल? तुम्ही बी लिवला आन चांदणी दिली. सहा म्हैने त्या चांदणीमागं एकच मानूस हुता. सर शनिवारी सगळ्यांस्नी एका जागी घेऊन आलं, ते तुम्हास्नी कुणी सांगिटलंच न्हाय. भालदारानं हाक मारली, सातजण उठून गेलं. भीमाप्पाला ती हाक लागू न्हवती, म्हणून त्यो ऱ्हायला. यंत्र गप्प बसलं. तुम्ही घरला गेला."

तिनं कळांवरचे हात मांडीवर घेतले. यंत्र मात्र घुमत राहिलं.

"मंगळवारीच ध्यानात आलं?" आण्णाप्पानं विचारलं.

तिनं मान हलवली. त्या हलण्यात होय होतं की नाही, कळलं नाही.

"काठांचं म्हणाल तर काल संध्याकाळी मी सगळी घरं फिरून आलो. पाच जणांचं चौकटीचं कागद ट्रंकंत हाईत. तुमचा नवा झालाच. बायाक्काचा कागद उंदरानं खाल्लाय, पन ती म्हणती, साडी हाय, दोरं मोजून सांगते, कुणीतरी माज्यापाशी येऊन बसा. काठ येतील परत. मष्णूचं तसं न्हाय." तो उठला. "मी तुमचं नाव घेणार न्हाय. भेंडोळी कपाटात हाईत, तिथंच ऱ्हातील. पन आज दुपारी पत्रावर सही हुणार."

दुपारी तम्मण्णा सरांच्या खोलीत समितीचे चौघं बसले. मष्णू भिंतीशी उभा होता, हात मागं. सरांनी पत्र पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि आण्णाप्पाकडं पाहिलं. आण्णाप्पानं मान खाली घातली. टोपण टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, तेवढ्यात दार ढकललं गेलं.

जयवंता आत आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला.

"सर, सात काठ मी पुसलं."

मष्णूनं मान वर केली. सरांनी पेन खाली ठेवलं नाही.

"बाई, तुम्ही त्याला वाचवायला बघताय. शेजारी बसून काम करता, मी समजतो."

"न्हाय. मी पुसलं. एकच पुसायचा हुता. चांदणी दिली, सगळं गेलं."

"एकच कुठला? सातांतला कुठला तुम्हाला पुसायचा होता? ते सांगितल्याशिवाय मी हे कसं मानू?"

तिचे ओठ हलले आणि मिटले. खोलीतले सगळे तिच्याकडं बघत होते. आण्णाप्पाला ते बघवेना. त्यानं कोरा कागद पुढं घेतला.

"सर, मी जबाब लिवून घेतो. फाईलच्या नावाच्या जागी रेघ सोडतो. कोर्टात चालतंय तसं."

"रेघ नको, आण्णा," जयवंता म्हणाली. "रेघ सोडली की तिथं कुणाचं बी नाव बसवत्यात लोक. तीन दीस ह्याचं बसलं हुतं." तिनं मष्णूकडं पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. "लिवा."

आण्णाप्पानं पेन टेकवलं.

"बसवंत," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. "बसवंत. माझ्या मालकांची फाईल. तेवढीच पुसायची हुती. मंगळवारी सकाळी यादी बघितली तवाच मला कळलं, आन मष्णूला सगळी बोलत हुती तवा मी हितंच बसून हुते."